अमेरिकेचा लॅपटॉप

त्या साली श्रावणातच तळ्याकाठचं गवत बंद झालं. शहरातल्या कुकटपल्ली वस्तीच्या मागच्या अंगाला तळं होतं. त्याच्या काठानं कुण्या बिल्डरनं निळे पत्रे ठोकले आणि पत्र्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून एक माणूस बसवला. उमाजी नेहमीसारखा विळा आणि पोतं घेऊन गेला, तर त्या माणसानं त्याला नुसत्या हातानं मागं फिरवलं. तोंडातला गुटखा बाजूला करून बोलायचीही तसदी घेतली नाही.

उमाजी मोकळं पोतं मोपेडला लावून परत आला. दावणीच्या म्हशींनी माना वर केल्या.

"गवत?" पद्मावतीनं विचारलं. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत शेणानं भरले होते.

"बंद झालं."

"कवापासून?"

"आजपासून."

उरलेला कडबा तोडून तिनं म्हशींपुढं टाकला.

दोन अपार्टमेंटांच्या मधे एक मोकळा प्लॉट होता, त्यावर यांचा गोठा. गोठ्याच्या टोकाला पत्र्याची खोली. पलीकडच्या बिल्डिंगच्या वॉचमनच्या खोलीतून एक वायर ओढलेली, तिच्यावर एक बल्ब आणि एक पंखा चालायचा. त्याबदली वॉचमनला रोजचं दूध. प्लॉट एकनाथरावांचा. एकनाथरावांचं घराणं सुलतान बाजारातलं, जुनं. घरात वकील झाले, मास्तर झाले. ते स्वतः सरकारी नोकरीतून रिटायर होऊन आता हाउसिंग बोर्डाच्या कॉलनीत बंगला बांधून राहत होते. नारायणखेडकडं त्यांची जमीन होती, ती उमाजीचा बाप वाट्यानं करायचा. जमीन विकली तेव्हा एकनाथरावांनी उमाजीला शहरात आणलं. "प्लॉटवर राहा," म्हणाले, "म्हशी पाळ. फक्त दुसऱ्या कुणाचा पाय तिथं पडू देऊ नको."

उमाजीनं पडू दिला नाही. एकदा प्लॉट बळकवायला चार-पाच जण पत्रे घेऊन आले होते. उमाजी आडवा झाला, त्यांनी त्याच्या डाव्या हातावर काठी घातली. हाड वाकडं जुळलं. तेव्हापासून धार काढताना त्याला डाव्या हाताची मूठ नीट आवळता येत नसे. त्या बाजूचे सड पद्मावती पिळायची.

त्यांची एकुलती लेक तेजश्री इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, कॉम्प्युटरला. सकाळी ती दुधाचे कॅन घेऊन फ्लॅटांमधून फिरायची आणि मग कॉलेजची बस धरायची. समोरच्या बिल्डिंगमध्ये दूधवाल्यांना लिफ्ट नव्हती. जिन्यानं वर चढायचं, दाराबाहेर ठेवलेल्या भांड्यात माप ओतायचं, खाली यायचं. केसांना तेल, अंगाला साबण लावून निघालेली पोर बसमध्ये चढेपर्यंत घामानं भिजलेली असायची. बसमध्ये ती खिडकीशी बसायची आणि काच उघडी ठेवायची. वास येतो असं तिला कुणी म्हणू नये म्हणून.

कॉलेजच्या लॅबमध्ये एका कॉम्प्युटरवर तिघी असत. एक बसायची, एक तिच्या खुर्चीच्या हातावर टेकायची, तिसरी मागं उभी राहायची. तेजश्री तिसरी. तिची मैत्रीण रुपाली घरी लॅपटॉपवर सगळं करून यायची आणि लॅबमध्ये नुसतं दाखवायची. तेजश्री वहीत पेनानं प्रोग्राम लिहायची. तो चालतो की नाही हे तिला आठ दिवसांनी, कुणी खुर्ची दिली तर कळायचं.

"तू एक सस्तावाला घेऊन टाक ना," रुपाली म्हणाली. "विंडोज नसलेला. तो कम किमतीत येतो. आत काय टाकायचं ते आपण टाकू."

तेजश्री महिनाभर दुकानाच्या काचेतून बघत राहिली. मोठ्या रस्त्यावर कॉम्प्युटरचं दुकान होतं. तिथं तिनं विचारून विचारून एक मशीन नक्की केलं. काळं, जरा जाडच, दिसायला काही नाही. पण तिला पाहिजे ते सगळं त्यात होतं. मुख्य म्हणजे बॅटरी. गोठ्यातला करंट दिवसातून कितीदा जायचा याला गणतीच नव्हती. वॉचमनच्या घरी इस्त्री लागली तरी जायचा.

रात्रीच्या जेवणाला तिनं विषय काढला. उमाजीनं सगळं ऐकून घेतलं.

"ह्याच्याबिगर न्हाईच भागत?"

"नाही भागत अप्पा. पुढच्या वर्षी प्रोजेक्ट आहे. आताच लॅबच्या एक्स्टर्नल परीक्षेला मी सगळ्यांच्या मागं पडणार."

"केवढ्याला येतंय?"

तिनं सांगितलं. उमाजी दावणीकडं बघत राहिला. एका दुभत्या म्हशीची किंमत होती ती.

पद्मावती म्हणाली, "तशीही वैरण इकत घ्यायची हाय. एक तोंड कमी झालं तर बरंच हाय की."

"दुभती काढायची व्हय?"

"भाकडीला कोण इतकं दील?"

दुसऱ्या दिवशी तिघं दुकानात गेले. उमाजीनं धुतलेलं धोतर नेसलं होतं. दारातल्या पायपुसण्यावर त्यानं इतका वेळ पाय पुसले की आतला पोऱ्या हसायला लागला. दुकानदार म्हातारा होता, त्यानं पोऱ्याला गप्प केलं.

"आओ चाचा, बैठो. पानी पीते?"

उमाजी बसला नाही. खुर्च्या गादीच्या होत्या. तेजश्रीनं बोट दाखवलं, दुकानदारानं ते मशीन काढून काचेवर ठेवलं. उमाजीनं दोन्ही हातांनी ते उचलून बघितलं, परत ठेवलं.

"किती वर्सं चालतंय हे?"

"संभालके रखे तो चार-पाँच साल," दुकानदार म्हणाला.

"करंट गया तो?" तेजश्रीनं विचारलं.

"नया बॅटरी है बेटा. तीन घंटे आरामसे." मग तो उमाजीकडं वळला. "बच्ची कू मालूम है क्या होना. दूसरा मत देखो."

पद्मावतीनं पदराला हात पुसले आणि एका बोटानं झाकणाला हळूच स्पर्श केला. "काळं कशाला? दुसरा रंग न्हाई का?"

"रंगवाले का ज्यादा पैसा लगता अम्मा," दुकानदार म्हणाला.

"मग काळंच बरं."

दुकानदारानं त्यांच्यासाठी आठ दिवस तो दर धरून ठेवतो म्हणून सांगितलं. घरी येताना उमाजीनं रस्त्यात लेकीला मिरचीभजी घेऊन दिली. पुढच्या बाजाराला दुसऱ्या वेताची म्हैस त्यानं नरसिंगीला नेली आणि मोकळं दावं घेऊन परत आला. त्या दिवशी पद्मावतीनं स्वयंपाक केला, पण स्वतः जेवली नाही. पोट दुखतंय म्हणाली.

पैसे आले त्याच संध्याकाळी उमाजी एकनाथरावांकडं दूध घेऊन गेला. हे दूध रोजचं होतं आणि त्याचे पैसे नसायचे. प्लॉट मिळाल्यापासूनची रीत. म्हैस विकल्याचं मालकांच्या कानावर घालावं, उद्या दुसऱ्याकडून कळायला नको, एवढंच त्याच्या मनात होतं.

एकनाथराव व्हरांड्यात पेपर वाचत होते. उमाजी पायरीवर टेकला आणि त्यानं सगळं सांगितलं.

"लॅपटॉप?" एकनाथरावांनी चष्मा काढला. "इथं घेणार? हौला झालास का रे, खुळा? इथले लोक तुला काहीही गळ्यात बांधतील. अरे, आमचा प्रमोद डिसेंबरात येतोय. अमेरिकेत ह्याच पैशात कसला जबरदस्त माल मिळतो. मी आजच त्याला फोन करतो."

"डिसेंबर म्हंजे…"

"चार महिने. इतकी वर्षं नव्हता तेव्हा शिकलीच ना ती? पैसे आणलेस?"

पैसे उमाजीच्या कोपरीच्या खिशात होते. घरी गोठ्यात ठेवायची भीती म्हणून तो बरोबर घेऊन फिरत होता. त्यानं ते काढून मालकांच्या हातात दिले. एकनाथराव आत गेले, कपाटाचा आवाज झाला, आणि ते परत पेपर घेऊन बसले.

घरी तेजश्री दारातच उभी होती. उद्या सकाळी दुकान उघडल्याबरोबर जायचं ठरलं होतं.

"दिलेत?" तिनं सगळं ऐकून घेतल्यावर विचारलं. "देऊनच आलात?"

"आता त्यांनी शब्द दिलाय."

"शब्द दिलाय, पण मागितला कुणी होता अप्पा?"

"हळू बोल."

"माझी लॅबची परीक्षा डिसेंबरच्या शेवटाला आहे."

"प्रमोद त्याच्या आधी येतोय की. आन् अमेरिकेचा माल हाय." उमाजी दावणीकडं गेला. ओल्या जागेवर राख टाकायला लागला. रिकाम्या खुंट्याजवळचीही राख त्यानं नीट पसरली. "त्यांना न्हाई कसं म्हनायचं? सांग तू."

आठ दिवस झाले, दुकानदारानं दर सोडला. तेजश्री त्या रस्त्यानं जाणं टाळायला लागली.

दसऱ्यानंतर एकनाथरावांच्या बंगल्यात रंगकाम निघालं. मुलगा तीन वर्षांनी येणार होता. कपाटं हलवायला उमाजीला बोलावणं आलं. मग माळे झाडायला आणि भांडी घासायला पद्मावतीला. दिवाळीच्या फराळाचं दळण, भाजणं, सगळं तिनं केलं. दुपारी घरी येऊन शेण काढायचं आणि परत जायचं. रंगाच्या धुळीनं तिला खोकला लागला तो गेलाच नाही. मजुरीचं कुणी बोललं नाही. एकनाथराव उमाजीला म्हणायचे, "तुझं काम लक्षात आहे माझ्या. प्रमोदला दोनदा सांगितलंय." आणि उमाजी घरी येऊन सांगायचा, दोनदा सांगितलंय म्हणून.

एके दिवशी तेजश्रीलाही बोलावणं आलं. एकनाथरावांच्या बायकोला, सरोजबाईंना, कॉम्प्युटरवर मुलाशी बोलायचं शिकायचं होतं. त्यांच्या हॉलमध्ये कॉम्प्युटर होता. त्याच्यावर क्रोशाचं झाकण आणि झाकणावर प्लास्टिकच्या फुलांची फुलदाणी.

"पाय धुऊन ये गं," सरोजबाई म्हणाल्या. "मागच्या नळावर. साबण ठेवलाय तिथं."

तेजश्री कॉलेजमधून थेट आली होती. तरी तिनं जाऊन पाय धुतले, हात धुतले. फुलदाणी उचलून बाजूला ठेवली. सरोजबाईंना माउस कसा धरायचा ते दाखवलं. कॅमेऱ्यात कुठं बघायचं ते सांगितलं. तीन संध्याकाळी ती गेली. तिसऱ्या दिवशी पडद्यावर प्रमोदचा चेहरा दिसला आणि सरोजबाई रडल्या. एकनाथराव मागं उभे राहून मोठ्यानं बोलायला लागले.

त्या दिवशी निघताना तेजश्रीनं विचारलं, "काकू, रोज एक तास मी इथं बसून माझे प्रोग्राम करून बघितले तर चालेल? लॅपटॉप येईपर्यंत."

सरोजबाई झाकण घालत होत्या. "तसं काही नाही गं. पण आमच्याकडं येणंजाणं असतं. आणि तुझं ते सकाळचं दुधाचं काम, अंगाला वास राहतो ना. हॉलमध्ये एसी असतो, बंद खोली." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नको. चिवडा नेशील?"

तेजश्रीनं चिवडा नेला नाही. ती बसस्टॉपजवळच्या इंटरनेट कॅफेत गेली. तिथं अर्ध्या तासाचे पैसे होते तेवढा वेळ बसली. शेजारच्या खुर्चीवरची पोरं गेम खेळत होती, तिच्याकडं बघून काहीतरी बोलून हसत होती. तिचा प्रोग्राम चालला नाही. कुठं चुकलं ते सापडायच्या आत वेळ संपला.

प्रमोद डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आला. दोन दिवसांनी उमाजीला निरोप आला. तो दूध द्यायला गेला आणि खांद्याला काळी पिशवी अडकवून आला. गोठ्याच्या दारातूनच त्यानं हाक मारली.

"तेजे, ये. आला बघ अमेरिकेहून."

पद्मावतीनं खाटेवर धुतलेली चादर घातली. पिशवीवर कसल्या तरी कंपनीचं नाव होतं. तेजश्रीनं मशीन बाहेर काढलं. झाकणाच्या कोपऱ्यावर चिकटवलेला कागद खरवडून काढल्याची खूण होती. बटणांवरची अक्षरं मधे मधे पुसली होती. तिनं वायर लावायला घेतली. पिना इथल्या सॉकेटात बसेनात, म्हणून ती समोरच्या बिल्डिंगमधल्या एका बाईंकडून अडॅप्टर मागून घेऊन आली. मशीन सुरू झालं. पडदा उजळला तसा उमाजी हसला.

"झालं न्हवं?"

तेवढ्यात बल्ब गेला. पडदाही गेला.

"ह्याला बॅटरी असती म्हनत होतीस," पद्मावती म्हणाली.

"असते."

करंट आला तेव्हा तिनं मशीन परत लावलं आणि आपणच वायर काढून बघितली. पडदा तत्काळ काळा झाला. रात्रभर लावून ठेवलं, सकाळी परत काढून बघितली. तसाच.

परीक्षेच्या आधीचे दिवस तिनं त्या मशीनवर काढले. अर्धा प्रोग्राम व्हायचा आणि वॉचमनच्या घरी कुणी पाणी तापवायचं. परत पहिल्यापासून. मशीनचा पंखा घरघरायचा, आणि शेजारची म्हैस त्या आवाजाला बिचकून दावं ताणायची. एकदा तेजश्रीनं झाकण असं आपटलं की पद्मावती चुलीजवळून उठून आली. लेक रडत नव्हती. नुसती बसली होती, हात मांडीवर ठेवून.

"मी त्यांच्याकडं जाते," ती म्हणाली.

"कुनाकडं?" उमाजीनं विचारलं.

"प्रमोददादाकडं. बॅटरी बदलून मिळते का विचारते. एवढंच."

"मी येतो संगं. तू बोलू नको. म्या विचारतो."

दोघं गेले. उमाजीच्या हातात दुधाचा कॅन, तेजश्रीच्या खांद्याला पिशवी. प्रमोद व्हरांड्यात चहा घेत बसला होता, अर्धी चड्डी घालून. एकनाथराव पेपर वाचत होते. उमाजी पायरीशी उभा राहिला. कॅनचं झाकण उघडमिट करत राहिला. तेजश्रीनं थोडा वेळ वाट बघितली.

"प्रमोददादा, ह्याची बॅटरी बदलून मिळेल का? ती चार्जच होत नाही."

"बॅटरी?" प्रमोद सहज म्हणाला. "अगं, ती गेलीय केव्हाचीच. मी प्लग लावूनच वापरायचो. इथं मार्केटमध्ये मिळते का बघ एखादी. ऑफिसनं मला नवा दिला, हा पडूनच होता. बाबा म्हणाले कुणातरी मुलीला उपयोगी पडेल, म्हणून आणला."

"पडून होता म्हणजे?"

"म्हणजे जुनाच ना. असाच दिलाय. फुकट."

तेजश्रीनं एकनाथरावांकडं बघितलं. त्यांनी पेपरचं पान उलटलं.

"आम्ही म्हैस विकून पैसे दिलेत," ती म्हणाली.

प्रमोदनं कप खाली ठेवला. "कसले पैसे? बाबा?"

"प्रमोद, तू आत जा," एकनाथराव म्हणाले.

"नाही, पण त्यांनी पैसे…"

"आत जा म्हटलं ना."

प्रमोद क्षणभर बसून राहिला. मग त्यानं कप उचलला आणि आत गेला. दाराचा पडदा त्याच्यामागं हलत राहिला.

एकनाथरावांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला. आवाज चढवला नाही. "पैसे कुठं गेले नाहीत. माझ्याकडं आहेत. उमाजी, इतकी वर्षं त्या जागेवर राहतोस. भाडं मागितलं मी कधी?"

"न्हाई मालक."

"पाण्याचं बिल?"

"न्हाई."

"मग तेच समज. माझ्या मनात होतं, तुला नीट सांगावं. आता पोरगी अंगणात उभी राहून मला विचारणार का?"

"काका, अप्पांचा हात मोडला तेव्हा प्लॉट तुमचाच होता ना?" तेजश्री म्हणाली. "दवाखान्यापायी माझ्या आईची सोन्याची पोत मोडली. दूध आजही फुकट येतं. रंगकामात आई दोन महिने इथं राबली. त्याचं काय समजायचं?"

"तेजे," उमाजी म्हणाला.

एकनाथराव तिच्याकडं बघत नव्हते. उमाजीकडंच बघत होते. "शिकली की मुलं बोलतात. मी मनावर घेत नाही. पाया पड म्हणावं आणि घेऊन जा तिला."

"पड," उमाजी म्हणाला.

ती हलली नाही.

"तेजे, पाया पड त्यांच्या. थोर हायती."

"नाही पडणार."

उमाजीनं कॅन खाली ठेवला. डोक्याचा रुमाल काढून काखेत धरला. दोन पायऱ्या चढून तो वर गेला आणि लेकीसमोर मालकांच्या पायांवर वाकला. डावा हात नीट टेकत नव्हता म्हणून त्यानं एका बाजूला झुकून कपाळ लावलं. "लेकरू हाय. चुकलं. पदरात घ्या."

एकनाथराव म्हणाले, "अरे, तू कशाला." पण पाय मागं घेतले नाहीत.

पडद्याआडून सरोजबाई पातेलं घेऊन बाहेर आल्या. "उमाजी, दूध आणलंस का? आज जरा जास्त घाल. पाहुणे यायचेत."

उमाजी उठला, रुमाल बांधला आणि पायऱ्या उतरून कॅन उचलला. पातेल्यात त्यानं रोजच्यापेक्षा एक माप जास्त ओतलं. तेजश्री फाटकाबाहेर जाऊन उभी राहिली.

घरी तिनं आईला सगळं सांगितलं. पद्मावती गोवऱ्या थापत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले.

"त्यांनी पाय मागं घेतले का?"

"नाही."

पद्मावतीनं पुढचा गोळा उचलला आणि भिंतीवर मारला.

लॅबच्या परीक्षेत तेजश्री नापास झाली. बाकीचे सगळे विषय सुटले, तो एक राहिला. त्या निकालाच्या आधीच, संक्रांत झाल्यावर, एकनाथरावांचा निरोप आला होता. प्लॉट बिल्डरला दिला आहे, पाडव्याच्या आत जागा मोकळी करावी. प्रमोद सही करायलाच आला होता आणि सही करून परत गेला. निरोप सांगायला दुसराच माणूस आला. एकनाथराव स्वतः आले नाहीत.

शहराबाहेर म्हशी नेऊन ठेवायच्या तर जागेचं भाडं होतं, आणि तिकडून फ्लॅटांपर्यंत दूध आणणं जमण्यासारखं नव्हतं. उमाजी दोन आठवडे मोपेडवर फिरला. शेवटी नरसिंगीचा व्यापारीच टेम्पो घेऊन गोठ्यावर आला. म्हशी चढत नव्हत्या. उमाजीनं एकेकीच्या कपाळाला हात लावून त्यांना फळीवरून वर चढवलं, दावी बांधून दिली आणि खाली उतरला. गोठ्याचे पत्रे बिल्डरच्याच माणसांनी भंगारात घेतले.

त्यांनी बोरबंड्याला एक खोली घेतली. मालकिणीनं पहिल्याच दिवशी बजावलं की दारात शेण, गोवऱ्या काही चालणार नाही. पद्मावती म्हणाली, आता कुठलं शेण. ती दोन घरची भांडी धरून आली. उमाजीला एका दूध कंपनीच्या डेपोवर काम मिळालं. पिशव्यांचे क्रेट टेम्पोतून उतरवायचे. क्रेट उचलताना डावा हात दगा द्यायचा, पिशव्या फुटायच्या, फुटलेल्या पिशव्यांचे पैसे पगारातून कापून जायचे.

म्हशींचे पैसे आले होते त्यातून उमाजीनं लेकीला दुकानात चल म्हणून सांगितलं. ती नको म्हणाली. त्यानं परत सांगितलं, चल. आधी ठरवलेलं ते काळं मशीन आता मिळायचं बंद झालं होतं. दुकानदारानं तिला दुसरं दाखवलं, तिनं बॅटरीचं विचारलं आणि तेच घेतलं. घरी तिनं ते लोखंडी पेटीवर ठेवलं आणि राहिलेल्या विषयाचा अभ्यास सुरू केला. ती बापाशी कामापुरतं बोलायची. जेवायला वाढू का. पाणी आलंय. दार लावून घ्या.

एका रविवारी डेपोला सुट्टी होती. पद्मावती कामाला गेली होती. उमाजी सवयीनं लवकर उठला होता आणि त्याला करायला काही नव्हतं. दाराच्या उंबऱ्यावर बसून तो लेकीच्या बटणांचा आवाज ऐकत होता. बराच वेळ झाला, तसा तो तिच्याकडं न बघता बोलला.

"काय करायलीस?"

"प्रोग्राम."

"चालायलाय का हा?"

"चालतोय."

उमाजीनं उंबऱ्यावरची धूळ हातानं झाडली.

"त्या दिशी म्या वाकलो, ते तुला लागलं."

बटणांचा आवाज थांबला. तेजश्री म्हणाली, "तुम्ही वाकला नसता तरी जागा गेलीच असती अप्पा. वाकून काय मिळालं?"

"काय न्हाई."

"आता कळतंय ना?"

"आता कशाला?" उमाजी म्हणाला. "दिवाळीतच बिल्डरची मानसं टेप घेऊन आलती. तुमी मायलेकी घरी नव्हता. माप घेताना दुसरं टोक म्याच धरलं. म्हनले, ह्यो प्लॉट विकलाय. तवापासून म्हाईत हाय मला."

तेजश्रीनं मान वळवून बापाकडं बघितलं. "माहीत होतं? मग वाकलात कशाला?"

समोरच्या गल्लीतून सिलिंडरवाला गेला. उमाजीनं उजव्या हातानं डावं मनगट धरलं, जरा चोळलं.

"सवय," तो म्हणाला. "दुसरं काय."